खारीचा बांध आणि यरुशलेमेचा कोट

पाठाचा भाग: नहेम्या, अध्याय ३ व ५. उपदेशकांनी हे दोन्ही अध्याय वर्गात वाचून मग पाठ चालवावा.

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचावयास घेतला म्हणजे पुष्कळ वाचक कंटाळतात. त्यात गोष्ट नाही, उपदेश नाही, प्रार्थनाही नाही. अमक्याने अमुक वेशीपासून अमुक बुरुजापर्यंत डागडुजी केली, त्याच्या शेजारी तमक्याने केली, अशी नावांची यादी बत्तीस वचने चालली आहे. शहरातल्या मंडळीत हा अध्याय फारसा वाचला जात नसेल तर त्यात नवल नाही. परंतु पेण तालुक्याच्या खारेपाटात, वाशी किंवा वडखळच्या बाजूस, एखाद्या वृद्ध शेतकऱ्यापुढे तो वाचून पाहा. त्याला त्या यादीत आपल्या बापाआजांची जोळपद्धत दिसेल.

डोंगराकडील वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. अंबा, भोगावती, कुंडलिका ह्या नद्या समुद्रास मिळण्यापूर्वी कित्येक मैल खाडीच्या रूपाने वाहतात. भरतीचे खारे पाणी त्यांतून आत शिरते. ह्या खाड्यांच्या काठची सखल जमीन आमच्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून समुद्रापासून मिळविली. तीच खार होय. खाडीकडील मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. आतले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून बांधात झडपांची दारे ठेवलेली असतात, त्यांस उघाडी म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभीच्या सरी जमिनीतले मीठ धुऊन नेतात. मग मोड आणलेले भात फेकून पेरावयाचे, ह्याला रहू म्हणतात. मीठ सोसणारा तांबडा राता भात ह्या जमिनीचा जुना सोबती आहे. अलीकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेली वाणेही लोक पेरतात.

ह्या सर्व शेतीचा जीव बाहेरकाठ्यात आहे. त्याला एक खांड गेली म्हणजे एका उधाणात शेकडो एकरांत खारे पाणी पसरते. पाणी शेताची मालकी विचारीत नाही. म्हणून हा बांध कोणा एकाचा नव्हता, आणि तो राखण्याचे कामही कोणा एकाचे नव्हते. ज्याची जितकी जमीन, त्या मानाने त्याने माणसे द्यावयाची. खांड गेल्याची वर्दी आली की दिवस असो की रात्र, प्रत्येक घरचा माणूस फावडे व टोपली घेऊन बांधावर हजर झाला पाहिजे. जो येणार नाही त्याजकडून दंड घ्यावयाचा. ह्यालाच जोळपद्धत म्हणत. सरकारी कायदा होण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या खारेपाट ह्या पद्धतीने जगला.

आता तिसरा अध्याय पुन्हा पाहा. याजकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनारांनी व सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांचे हात दगडमातीला सवकलेले नव्हते त्यांनीही, आपला वाटा उचलला. बाराव्या वचनात शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या कन्यांसह कामावर आहे. आमच्या काही मंडळ्यांत बहिणींनी सभेत तोंड उघडू नये असे मानतात, त्यांनी हे वचन सावकाश वाचावे. आणि पाचव्या वचनात एक काळा डाग आहे. तकोवकरांनी काम केले, परंतु त्यांच्यातील सरदारांनी मान वाकविली नाही. नहेम्याने त्यांची नावे दिली नाहीत. न येणारे म्हणूनच त्यांची आठवण राहिली. साध्या तकोवकरांनी मात्र आपला भाग संपवून सत्ताविसाव्या वचनात आणखी एक भाग दुरुस्त केला आहे. न आलेल्यांचे ओझे आलेल्यांच्या डोक्यावर पडते, ही गोष्ट खारेपाटात कोणास शिकवावी लागत नाही.

परंतु कोट बांधला म्हणजे सर्व झाले काय? येथेच पाचवा अध्याय येतो, आणि तो वाचल्यावाचून तिसरा शिकविणाऱ्या उपदेशकाने अर्धाच पाठ शिकविला असे म्हटले पाहिजे. कोटावर काम करणाऱ्या लोकांनी व त्यांच्या बायकांनी मोठा आक्रोश केला. धान्यासाठी आमची शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली, राजाच्या करासाठी आम्ही कर्ज काढले, आमची मुले दास झाली, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्यांचे सावकार कोणी परके नव्हते. एकाच रक्ताचे भाऊबंद होते.

आमच्या जिल्ह्यात हा अध्याय शब्दशः घडला आहे. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते (रायगड हे नाव १९८१ साली पडले), त्या काळी खारींवर खोतांचा अंमल असे. कूळ बांधावर माती टाकी, कूळ रहू पेरी, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या वाड्यात जाई. कित्येक ठिकाणी बांधाच्या दुरुस्तीच्या नावाने वेगळे धान्य घेत, त्यास शिलोत्री मण म्हणत. दुरुस्तीचे धान्यही कुळाचे आणि दुरुस्तीचे श्रमही कुळाचेच, असा प्रकार झाला म्हणजे त्या बांधावर कोणाची माया राहावी? अखेर २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते. हा संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षे त्या गावांतील लोकांनी खोताची जमीन कसली नाही. रानातली लाकडे विकून आणि मोलमजुरी करून त्यांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली, आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा झाला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक होऊ लागले.

ज्याने माती वाहिली त्याला भात मिळावे, हा न्याय झाला. परंतु त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे लोकांचे लक्ष गेले नाही. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींविषयी कायदा करून मंडळ नेमले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम केला. हेतू उत्तम होता. दगडी पिचिंग, पक्क्या उघाड्या, मोठ्या खांडी बुजविण्याचा खर्च, हे गरीब गावाच्या आवाक्याबाहेरचेच होते. पण जो बांध आपला होता तो लोकांच्या मनात सरकारचा झाला. जमीन ज्या पिढीच्या हाती आली, बहुधा त्याच पिढीच्या हातातून फावडे सुटले. शिवाय कारखाने आले, मुंबईची व पनवेलची नोकरी आली, तरुण माणूस पहाटेच्या गाडीने जाऊन रात्री परतू लागला. खांडेची वर्दी आली तरी बांधावर जाणार कोण? म्हातारे आणि बायका.

ह्यात हिशोबाची जी चूक होते ती वर्गात पाटीवर मांडून दाखवावी. समजा, एका खारीत चाळीस खातेदार आहेत. बांधाला खेकड्याने बीळ पाडले. ते आज बुजवावयास दोन माणसांचा अर्धा दिवस पुरतो. ते तसेच राहिले तर पुढच्या अमावास्येच्या उधाणाला तेथून पाणी झिरपते, आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला तेथे बैलगाडी जाईल एवढी खांड पडते. आता चाळीसही घरे चार दिवस राबली पाहिजेत. तेही झाले नाही तर पावसाळाभर भरतीचे पाणी आतबाहेर करते, खांड खोल होते, आणि मग ते काम टोपलीफावड्याचे राहत नाही. अंदाजपत्रक, मंजुरी, ठेकेदार ह्या वाटेने ते जाते. बांध शेवटी झाला तरी जमिनीतले मीठ धुऊन निघण्यास आणखी एकदोन पावसाळे लागतात, आणि तितकी वर्षे घरात दाणा येत नाही. दोन माणसांच्या अर्ध्या दिवसाची ही किंमत आहे. तरीही बीळ का बुजविले जात नाही? कारण ज्याचे शेत बांधालगत आहे तो म्हणतो, मीच एकटा का जाऊ. आणि ज्याचे शेत आत गावाकडे आहे तो म्हणतो, पाणी माझ्यापर्यंत येईतो बघू. दोघांचाही हिशोब आपापल्यापुरता बरोबर आहे. दोघांचेही शेत बुडते. त्यात कोणी मासळीच्या लोभाने उघाडीचे दार उघडे ठेवले तर बोलावयासच नको.

खारे पाणी खेळू लागलेल्या शेतात काही वर्षांत तिवरे उगवतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिवर हे शत्रूचे झाड नव्हे. बांधाबाहेर, खाडीच्या अंगाला कांदळवन दाट असेल तर ते लाटेचा जोर मोडते, बांधाला आधार देते, आणि मासळीची पिल्ले त्याच्या मुळांत वाढतात. ज्याने सरपणासाठी बाहेरची तिवरे तोडली त्याने बांधाची ढाल काढून घेतली. परंतु तेच झाड बांधाच्या आत, बापजाद्यांच्या भातखाचरात उभे राहिले म्हणजे ते शेत मेल्याची खूण होय. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील कांदळवने तोडण्यास मनाई केली, आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. न्यायालयाने जे केले ते समुद्रकिनाऱ्याच्या हिताचेच आहे. पण त्याचा परिणाम खारेपाटातील शेतकऱ्याने ओळखून असले पाहिजे: खांड वेळेवर बुजली नाही, तर सातबारावर नाव त्याचे राहील आणि शेतात रान उभे राहील, ज्याला त्याला कोयता लावता येणार नाही.

आणि नापीक जमिनीला गिऱ्हाईक लवकर येते. दोन पिके हातात असलेला शेतकरी भाव ऐकून विचार करतो. पाच वर्षे दाणा न पाहिलेला शेतकरी कागदावर अंगठा उठवतो. पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील गावांवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचे संकट आले तेव्हा हे सर्वांनी पाहिले. पेणच्या गावांनी म्हटले की आमची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येते, तिला पाणी द्यावयाचे वचन आहे, ती ओलिताची जमीन घेऊ नका. प्रा. एन. डी. पाटील ह्यांच्यासारखे पुढारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने बावीस गावांतील शेतकऱ्यांचे मत घेतले, आणि बहुसंख्यांनी जमीन देण्यास नकार दिला. २००९ साली मुदत संपून ते भूसंपादन बारगळले. जमीन वाचली. पण जमीन वाचविण्यासाठी जी गावे एका दिवसात एका रांगेत उभी राहिली, तीच गावे बिळे बुजविण्यासाठी वर्षातून दोन दिवस उभी राहतात काय, हा प्रश्न तेव्हाही होता व आजही आहे. २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतू खुला झाल्यापासून मुंबई खाडीपलीकडे येऊन बसली आहे. जमिनीचे दलाल आता पायी येत नाहीत.

पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात नहेम्या एक गोष्ट सहज सांगून जातो. कोटाचे काम चालू असता आपण व आपल्या माणसांनी कोणतेही शेत विकत घेतले नाही, असे तो म्हणतो. अधिकारी तो होता, लोक अडचणीत होते, शेते स्वस्त झाली होती. घेतली असती तर कोणी अडविले नसते. आमच्या मंडळ्यांतील ज्या बांधवांस नोकरीचा पैसा मिळतो, त्यांनी शेजाऱ्याच्या बुडालेल्या खारीचा भाव विचारण्यापूर्वी हे वचन वाचावे.

सामाईक काम लोक स्वतः चालवू शकत नाहीत, असे शहाणे लोक पुष्कळ दिवस म्हणत आले. एक तर ते सरकारने चालवावे, नाही तर एखाद्या मालकाला विकून टाकावे, तिसरी वाट नाही, असे त्यांचे मत. एलिनोर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषीने ह्या मताची परीक्षा केली. स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानातील गावराने, स्पेनमधील पाटपाण्याच्या पंचायती ह्यांचा अभ्यास करून तिने १९९० साली ग्रंथ लिहिला, आणि २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिली स्त्री. तिला असे आढळले की जेथे कोणाचा हक्क व कोणाचा वाटा हे स्पष्ट असते, नियम तेथील लोकांनीच केलेले असतात, देखरेख त्यांच्यातीलच माणूस करतो, आणि चुकणाऱ्यास प्रथम लहान व मग मोठा दंड होतो, तेथे सामाईक वस्तू शेकडो वर्षे टिकतात. खारेपाटातील एखाद्या म्हाताऱ्याने हे ऐकले तर तो म्हणेल की ह्यात नवीन ते काय?

हॉलंड देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीहून खाली आहे. तो सारा देशच एक खार म्हणावा. तेथे बांध राखणारी मंडळे तेराव्या शतकापासून आहेत आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. जुन्या काळी तेथे अशी रीत होती की ज्या शेतकऱ्यास आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपेना, त्याने आपले फावडे बांधात रोवून निघून जावे. जो ते फावडे उपटील त्याला ती जमीन मिळे आणि बांधाचा भारही त्याच्यावर येई. रीत कठोर खरी, पण बांधावाचून जमीन नाही हे त्यात स्वच्छ सांगितले होते. १ फेब्रुवारी १९५३ च्या तुफानात तेथील बांध फुटून १,८००हून अधिक माणसे मेली. त्यानंतर सरकारने प्रचंड बंधारे बांधले, तरीही ती मंडळे नाहीशी झाली नाहीत. मोठे काम सरकारने करावे आणि रोजची राखण लोकांनी करावी, ही दोन्ही कामे तेथे एकत्र नांदतात. आमच्याकडे एकाने दुसऱ्याला घालवून दिले.

रोह्याकडील बांधव म्हणतील, आमच्याकडे कालव्याचे पाणी आहे, हा बांधाचा पाठ आम्हांस कशाला? त्यांनी आपले पाणी कोठून येते ते पाहावे. मुळशीच्या धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज केल्यावर ते पाणी कुंडलिकेत सुटते, डोलवहालच्या बंधाऱ्याशी अडवून कालव्यांत घेतले जाते, आणि उन्हाळ्यात शेते हिरवी दिसतात. त्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांची गावे बुडाली. १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापटांनी व मावळ्यांनी त्यासाठी सत्याग्रह केला आणि तुरुंग सोसला. दुसऱ्याच्या शेतावरून आलेले हे पाणी आहे. वरच्या तोंडाला असलेल्याने ते बेहिशेबी सोडून शेवटच्या गावाला कोरडे ठेवावे, हे तकोवच्या सरदारांसारखेच वागणे झाले. धाटावच्या कारखान्यांमुळे कुंडलिकेचे पाणी नासल्याची ओरड खालच्या गावांतून व कोळीवाड्यांतून वर्षानुवर्षे आहे. त्याविषयी अर्ज करावयाचा तर तो एकट्याने करू नये. नदीकाठच्या सर्व गावांनी मिळून, तारखेवार नोंद ठेवून करावा.

एक नाजूक गोष्ट राहिली. बांधाचे काम सुरू करताना नारळ फोडण्याची चाल आहे, म्हणून काही ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी घरी राहतात. आपला विश्वास राखावा हे योग्यच. पण शेजाऱ्याला दिसते ते एवढेच की ख्रिस्ती माणूस भात खावयास आहे आणि माती वाहावयास नाही. नारळ फुटेपर्यंत बाजूस उभे राहावे, आणि तो फुटताच टोपली उचलण्यात आपण पहिले असावे. हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या पाळकांस ते मान्य नसेल त्यांनी अवश्य लिहावे.

ज्यांस स्वतःची जमीन नाही अशा बांधवांची गोष्ट निराळी आहे. ते खातेदार नाहीत. त्यांच्याकडून बांधाचे काम फुकट घेणे म्हणजे वेठ होय, मग ती गावाच्या नावाने घेतली तरी. जे खातेदार नोकरीमुळे येऊ शकत नाहीत त्यांनी आपल्या पाळीची मजुरी रोख भरावी, आणि ती ह्या श्रम करणाऱ्यांच्या हाती त्याच संध्याकाळी पडावी. असे झाल्यास पहाटेच्या गाडीने जाणारा तरुणही सुटत नाही आणि गरीबही नागवला जात नाही.

उपदेशकांनी ह्या महिन्यात एवढे करावे. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, गावातील दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन बाहेरकाठ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे. बिळे किती, माती कोठे खचली, उघाडीच्या झडपा बसतात की नाही, हे वहीत लिहावे. ती वही मंडळीत ठेवू नये, ग्रामसभेत वाचावी. जे काम गावाचे आहे त्यास दिवस ठरवावा. जे गावाला झेपणार नाही त्याचा अर्ज पेणच्या खारभूमी कार्यालयाकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच घेतल्याखेरीज परत येऊ नये.

वर्गासाठी प्रश्न: तकोवच्या सरदारांनी मान का वाकविली नसेल? पाचव्या अध्यायातील सावकारांना नहेम्याने काय परत करावयास लावले? आपल्या गावात जोळपद्धत केव्हा बंद पडली, आणि ती आठवणारे कोण कोण अजून हयात आहेत?

चौथा अध्याय, ज्यात अर्धे लोक काम करीत आणि अर्धे भाले धरून उभे राहत, तो पुढील पाठासाठी ठेवला आहे.